गिटारच्या कॅबसाठी आयआर लोडर कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी किंवा छोट्या स्टुडिओत इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवात मूलभूत गोष्टींपासून आहे आणि अडचणीचे अपवाद शेवटी आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आयआर लोडर म्हणजे नेमके काय? तो आणि अ‍ॅम्प सिम्युलेटर एकच का?

बहुतेक अ‍ॅम्प सिम्युलेटरमध्ये (खऱ्या अ‍ॅम्पचा आवाज संगणकावर उभा करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन्ही एकाच खिडकीत दिसतात, पण त्यांची कामे वेगळी आहेत. अ‍ॅम्पचा भाग सिग्नलमध्ये डिस्टॉर्शन आणि कम्प्रेशन निर्माण करतो. त्यानंतर स्पीकर, त्याची लाकडी पेटी (हे दोन्ही मिळून कॅब) आणि समोर लावलेला माइक त्या सिग्नलला शेवटचा आकार देतात. इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजेच आयआर, ही या दुसऱ्या टप्प्याची नोंद असते: एका अत्यंत क्षणिक ठोक्याला स्पीकर, पेटी, माइक आणि माइक प्रीअ‍ॅम्प ही सगळी साखळी मिळून कसा प्रतिसाद देते, ते एका छोट्या वेव्ह फाइलमध्ये साठवलेले असते. लोडर (बहुधा रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे प्लगइन) ती फाइल उघडतो आणि तुमच्या गिटारच्या प्रत्येक सॅम्पलवर (सिग्नलच्या क्षणोक्षणीच्या डिजिटल मोजमापावर) तो प्रतिसाद लागू करतो. या गणिती क्रियेला कन्व्होल्यूशन म्हणतात.

२. कॅब बंद केल्यावर डिस्टॉर्शन इतके कर्कश का ऐकू येते?

गिटारचा स्पीकर हाच मुळात एक जबरदस्त फिल्टर आहे. सेलेस्चन कंपनी आपल्या व्हिन्टेज ३० या प्रसिद्ध बारा इंची स्पीकरचा पल्ला ७० ते ५००० हर्ट्झ एवढाच देते. त्यापुढे त्याचा प्रतिसाद वेगाने घसरतो. डिस्टॉर्शनमुळे तयार होणारे वरचे हार्मोनिक मात्र पाच किलोहर्ट्झच्या बरेच पुढपर्यंत जातात. कॅब नसेल तर ते थेट कानावर येतात आणि मधमाश्या गुणगुणल्यासारखा आवाज येतो. स्पीकरच्या वक्रातले (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती प्रतिसाद, या आलेखातले) चढउतार, विशेषतः दोन ते चार किलोहर्ट्झच्या टापूतले, हीच त्या कॅबची ओळख असते. त्यामुळे साधा इक्वलायझर लावून कर्कशपणा कमी करता आला, तरी कॅबचे व्यक्तिमत्त्व उभे राहत नाही.

३. महागडा लोडर घेतला तर आवाज सुधारेल का?

बहुधा नाही, आणि बाकी सगळ्या उत्तरांचा पाया हाच आहे. कन्व्होल्यूशन ही ठरलेली क्रिया आहे. तीच आयआर फाइल, तोच सॅम्पल रेट (सेकंदाला किती सॅम्पल) आणि तीच लांबी दिल्यावर दोन प्रामाणिक लोडरांनी सारखेच उत्तर द्यायला हवे. आवाज ठरतो तो आयआरमुळे, म्हणजे कोणता स्पीकर, कोणता माइक आणि तो कुठे ठेवला होता यामुळे. माइक कोनच्या मध्यापासून कडेकडे दोन बोटे सरकवला तरी जो फरक पडतो, तेवढा फरक कोणत्याही दोन लोडरांत सापडणार नाही.

यावर विश्वास बसत नसेल तर घरीच तपासता येते. अ‍ॅम्प सिम्युलेटरचा कॅब बंद करून गिटारचा एक तुकडा रेंडर करा (ऑडिओ फाइल म्हणून काढा) आणि तो दोन ट्रॅकवर ठेवा. एकावर पहिला लोडर, दुसऱ्यावर दुसरा, दोन्हींत तीच आयआर. दोघांचेही फिल्टर, रूम, सॅच्युरेशन असे सगळे जास्तीचे भाग बंद. आता एका ट्रॅकची पोलॅरिटी (तरंगाची वर-खाली दिशा) उलटी करा आणि एकाचे फेडर हळूहळू जुळवत न्या. दोन्ही लोडर सारखे असतील, तर एका जागी आवाज जवळजवळ नाहीसा होतो. खर्जातच काही उरले, तर त्यांपैकी एक लोडर फाइलचे शेपूट कापत आहे असे समजा (प्रश्न ८). सगळीकडेच बरेच उरले, तर सॅम्पल रेटचे रूपांतर (प्रश्न ९) किंवा सुरुवातीची शांतता कापण्याचा फरक (प्रश्न ७) तपासा.

ही चाचणी न करता नुसते आलटूनपालटून ऐकले, तर फसगत ठरलेली. लोडर आयआरची पातळी वेगवेगळ्या पद्धतीने नॉर्मलाइझ करतात (ठरावीक पातळीवर आणतात), आणि जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला अधिक भरदार वाटतो.

४. मग लोडर निवडताना पाहायचे तरी काय?

आवाजाची शर्यत बाजूला ठेवली की प्रश्न सोयीचा आणि विश्वासार्हतेचा उरतो. सर्वांत आधी तो तुमच्या डीएडब्ल्यूमध्ये (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये) उघडतो का ते पाहा. लॉजिक आणि गॅरेजबँडला ऑडिओ युनिट्स हा प्लगइनचा प्रकार लागतो, प्रो टूल्सला एएएक्स लागते, आणि इतर बहुतेक ठिकाणी व्हीएसटी ३ चालते. बरेच जुने फुकट लोडर ३२ बिटच्या काळातले आहेत. २०१९ साली आलेल्या मॅकओएस कॅटालिनापासून मॅकवर ३२ बिट सॉफ्टवेअर चालतच नाही, आणि विंडोजवरही आजचे ६४ बिट डीएडब्ल्यू त्यांना पुलाशिवाय (मध्यस्थ प्रोग्रामशिवाय) उघडत नाहीत. एखादा लोडर कितीही नावाजलेला असला, तरी त्याची शेवटची आवृत्ती कधीची आहे हे पाहिल्याशिवाय त्यावर नवीन काम उभे करू नये.

त्यानंतर मी फाइल चाळण्याच्या सोयीला वजन देईन. आयआरचा एक संच घेतला की शंभर-दोनशे फाइली सहज येतात. फोल्डर उघडा, फाइल निवडा, खिडकी बंद करा, ऐका, पुन्हा उघडा, असे करावे लागणारा लोडर अर्ध्या तासात माणसाला थकवतो आणि मग जी फाइल समोर असेल तीच चालवली जाते. बाणाच्या बटणाने पुढची-मागची फाइल बदलता यावी, आवडत्या फाइलींवर खूण करता यावी आणि फाइल बदलताना पातळी आपोआप जुळावी, या तीन गोष्टी चकचकीत चित्रांपेक्षा फार मोलाच्या आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे किमान दोन आयआर एकत्र करण्याची सोय, प्रत्येकीला स्वतंत्र पातळी, पोलॅरिटी आणि सूक्ष्म विलंब देता यावा अशी (प्रश्न १०). चौथी गोष्ट दुर्लक्षिली जाते आणि नंतर डोकेदुखी ठरते: प्रोजेक्ट जतन करताना लोडर आयआरची माहिती आत साठवतो की फक्त फाइलचा पत्ता लक्षात ठेवतो (प्रश्न १८).

५. फुकटचा लोडर पुरेसा आहे का?

बहुसंख्य लोकांसाठी, होय. इग्नाइट अ‍ॅम्प्सचा नॅडआयआर वर्षानुवर्षे वापरात आहे. त्यात दोन आयआर लावता येतात आणि लो कट, हाय कट (खालचा व वरचा भाग कापणारी) ही फिल्टरे आहेत. लँकेस्टर ऑडिओचा पल्सही फुकट मिळतो. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर वापरत असाल, तर अ‍ॅम्पची मॉडेल चालवणाऱ्या त्या मुक्तस्रोत प्लगइनमध्येच आयआर लावण्याची जागा आहे आणि वेगळ्या लोडरची गरज एकाच आयआरने काम भागत असेल तर पडत नाही.

पैसे मोजावेत ते दोन कारणांसाठी. एक, अनेक माइकांचे मिश्रण, खोलीचा आवाज आणि आयआरचा नीट मांडलेला संग्रह एकाच जागी हवा असेल तर. दोन, लोडरसोबत येणारे कॅब तुम्हाला खरोखर आवडत असतील तर. टू नोट्स कंपनीच्या उत्पादनांत माइक पडद्यावर सरकवत जागा ठरवता येते, ही सोय ज्याला स्टुडिओतल्या पद्धतीने विचार करायची सवय आहे त्याला भावते. पण अशा ठिकाणी किंमत मुख्यतः आयआरच्या संग्रहाची असते, हे लक्षात ठेवून हिशेब करावा.

६. माझ्या डीएडब्ल्यूमध्ये कन्व्होल्यूशन रिव्हर्ब आहे. तोच वापरला तर?

चालतो, कारण आतली क्रिया तीच आहे. रीपरमधला रीआव्हर्ब (ReaVerb), लॉजिकमधला स्पेस डिझायनर, क्युबेसमधला रेव्हरन्स अशा साधनांत कॅबची आयआर टाकता येते. मात्र रिव्हर्बची घडण वेगळ्या हेतूने झालेली असल्याने काही गोष्टी हाताने नीट कराव्या लागतात. मूळ सिग्नल पूर्ण बंद आणि प्रक्रिया केलेला सिग्नल शंभर टक्के, ही पहिली अट. ड्राय, म्हणजे हा मूळ सिग्नल, थोडासा जरी शिल्लक राहिला, तरी कॅब नसलेला कर्कश आवाज त्यातून झिरपतो, आणि दोन्ही सिग्नलांत थोडे अंतर असेल तर कंगव्याच्या दातांसारखे खड्डे पडतात. प्री-डिले (रिव्हर्बआधी मुद्दाम ठेवलेला विलंब) शून्यावर आणा. आयआरचा आरंभ किंवा शेवट कोमल करणारी एन्व्हलप बंद करा, नाहीतर पहिल्या काही मिलिसेकंदांतला सर्वांत महत्त्वाचा भाग बोथट होतो. शून्य लेटन्सीचा (विलंबाचा) पर्याय असेल तर तो चालू करा.

एखाद-दुसऱ्या ट्रॅकसाठी ही व्यवस्था ठीक आहे. रोज गिटार वाजवणाऱ्याने मात्र स्वतंत्र लोडरच घ्यावा. प्रत्येक वेळी हे सगळे आठवत बसण्यात अर्थ नाही.

७. आयआर लोडरमुळे वाजवताना उशीर जाणवेल का?

चांगल्या लोडरमुळे नाही. मोठे कन्व्होल्यूशन तुकड्यांत विभागून कोणताही विलंब न होऊ देता करण्याची पद्धत विल्यम गार्डनर यांनी १९९५ साली मांडली, आणि आजचे बहुतेक लोडर त्याच धर्तीवर काम करतात. जो उशीर जाणवतो तो ऑडिओ इंटरफेसच्या बफरचा (प्रक्रियेआधी साठणाऱ्या सॅम्पलच्या गठ्ठ्याचा) असतो: ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेने सुमारे २.७ मिलिसेकंद, आणि येण्या-जाण्याचा मिळून त्याच्या दुपटीहून थोडा अधिक.

तरी दोन जागी सावध राहावे. काही लोडर आणि रिव्हर्ब आपला विलंब डीएडब्ल्यूला कळवतात आणि तो भरून काढला जातो. ही भरपाई रेकॉर्ड झालेले ऐकताना उपयोगी पडते, वाजवताना थेट ऐकण्यासाठी नाही. दुसरे, काही आयआर फाइलींच्या आरंभी माइकच्या अंतरामुळे किंवा निष्काळजी कापणीमुळे एक-दोन मिलिसेकंदांची शांतता असते. ती शांतता आपोआप कापणारे लोडर असतात, पण एकाच संचातल्या अनेक माइकांची आपसातली वेळ जपायची असेल तर ही आपोआप कापणी बंद ठेवावी. कारण प्रश्न १० मध्ये आहे.

८. आयआरची लांबी किती असावी? २०० मिलिसेकंद की २०?

जवळ लावलेल्या माइकची बहुतांश ऊर्जा पहिल्या वीस ते चाळीस मिलिसेकंदांत संपते. हार्डवेअरमध्ये आढळणारी १०२४ सॅम्पलची मर्यादा ४८ किलोहर्ट्झवर २१.३ मिलिसेकंद होते आणि २०४८ सॅम्पलची ४२.७ मिलिसेकंद. लांबी कमी असेल तर खर्जातला तपशील पुसट होतो. ढोबळ नियम असा, की २१ मिलिसेकंदांच्या नोंदीत सुमारे ४७ हर्ट्झपेक्षा बारीक चढउतार वेगळे दिसू शकत नाहीत, तर २०० मिलिसेकंदांच्या नोंदीत पाच हर्ट्झपर्यंतचे दिसतात. वरच्या पट्ट्यात या फरकाने काही बिघडत नाही. ८० ते १५० हर्ट्झच्या टापूत, म्हणजे पाम म्यूट केल्यावर जिथे कॅबचा धक्का जाणवतो तिथे, मात्र तो ऐकू येऊ शकतो.

संगणकावर लांबी वाचवण्याची गरज उरलेली नाही. २०४८ सॅम्पलची आयआर सरळ गुणाकाराने चालवली, तर सेकंदाला सुमारे ९.८ कोटी गुणाकार लागतील, पण एफएफटी या झटपट गणिती पद्धतीच्या वाटेने हा भार खूप कमी होतो. त्यामुळे लोडर पूर्ण फाइल वाचतो की मध्येच कापतो हे एकदा तपासा, आणि पूर्ण वाचणारा निवडा. खोलीतला माइक वापरायचा असेल तर दुसरा मार्गच नाही, कारण खोलीचे प्रतिध्वनी शंभर मिलिसेकंदांच्या पुढेही चालू असतात.

९. आयआर ४८ किलोहर्ट्झची आणि प्रोजेक्ट ४४.१ किलोहर्ट्झचा. फरक पडतो का?

लोडर स्वतः रूपांतर करत असेल तर काळजी नाही. करत नसेल तर पडतो, आणि लपून पडतो. ४८ किलोहर्ट्झवर नोंदलेले सॅम्पल ४४.१ च्या वेगाने वाचले, तर कॅबचा संपूर्ण वक्र सुमारे आठ टक्के खाली घसरतो, म्हणजे जवळजवळ दीड सेमीटोन. ७५ हर्ट्झवरचा उठाव ६९ वर येतो आणि पाच किलोहर्ट्झवरची घसरण ४.६ वरच सुरू होते. तुमच्या गिटारचा सूर बदलत नाही, त्यामुळे चूक पकडता येत नाही; कॅब तेवढा थोडा मोठा आणि मंद झाल्यासारखा वाटतो. ९६ किलोहर्ट्झची फाइल ४८ च्या प्रोजेक्टमध्ये अशी वाचली गेली, तर वक्र एक पूर्ण सप्तक खाली येतो आणि तेव्हा मात्र घोंगडी पांघरल्यासारखा आवाज लगेच लक्षात येतो.

सोपा उपाय म्हणजे संचात वेगवेगळ्या सॅम्पल रेटचे फोल्डर दिलेले असतील, तर प्रोजेक्टशी जुळणारा फोल्डर वापरणे. ९६ ची फाइल घेतल्याने अधिक तपशील मिळेल ही समजूत निराधार आहे, कारण स्पीकर पाच किलोहर्ट्झनंतर फारसे काही देतच नाही.

१०. दोन आयआर एकत्र केल्यावर आवाज पोकळ होतो. लोडर खराब आहे का?

लोडर ठीक आहे. दोन माइकांच्या वेळा जुळत नाहीत. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. एक माइक जाळीला टेकलेला आणि दुसरा १७ सेंटिमीटर मागे असेल, तर दुसऱ्याला सिग्नल अर्धा मिलिसेकंद उशिरा मिळतो. ही दोन्ही समान पातळीवर मिसळली की १ किलोहर्ट्झवर एक सिग्नल वर असताना दुसरा खाली असतो आणि दोघे एकमेकांना पुसतात. तसेच ३ आणि ५ किलोहर्ट्झवर. गिटारचा नेमका जीव जिथे असतो तिथेच खड्डे पडतात.

म्हणूनच विलंबाचा सूक्ष्म नियंत्रक असलेला लोडर उपयोगी. वरच्या उदाहरणात ४८ किलोहर्ट्झवर पुढच्या माइकला २४ सॅम्पल मागे सरकवले की दोघे सोबत येतात. प्रत्यक्षात करायचे असे: दोन्ही आयआर सारख्या पातळीवर आणा, एकीची पोलॅरिटी उलटी करा, आणि आवाज सर्वांत बारीक व खर्जहीन होईल तोवर विलंब सरकवा. मग पोलॅरिटी पुन्हा सरळ करा. बारीक आवाज शोधणे भरदार आवाज शोधण्यापेक्षा कानाला सोपे जाते.

शुअर एसएम५७ सारखा डायनॅमिक माइक आणि रॉयर आर-१२१ सारखा रिबन माइक ही जोडी इतकी रूढ आहे की पुष्कळ संचांत ती आधीच जुळवून दिलेली असते. अशा फाइलींवर स्वतःची जुळवणी किंवा आपोआप कापणी लादू नये. दोन वेगवेगळ्या निर्मात्यांच्या आयआर मिसळताना मात्र जुळणी झालेली नाही असेच गृहीत धरावे.

११. लोडरमध्ये मिनिमम फेजचे बटण आहे. ते कायम चालूच ठेवावे का?

नाही. ते बटण आयआरच्या फ्रिक्वेन्सींचा वक्र तसाच ठेवते आणि वेळेची माहिती नव्याने, कमीत कमी विलंबाच्या नियमाने रचते. त्यामुळे कोणत्याही दोन जवळच्या माइकांच्या आयआर पोकळपणा न येता मिसळतात आणि प्रश्न १० मधली मेहनत वाचते. पण खोलीच्या माइकमध्ये वेळ हीच खरी माहिती असते. प्रतिध्वनी कधी आला हे पुसले की खोलीही पुसली जाते. शिवाय ज्या मिश्रणाचा गोडवा निर्मात्याने मुद्दाम ठेवलेल्या फेजच्या (तरंगांच्या आपसातल्या वेळेच्या) फरकातून आला आहे, तो रूपांतरानंतर राहत नाही. एक आयआर रूपांतरित आणि दुसरी मूळ असे मिश्रण केले, तर जुळलेली वेळही बिघडते. एकच आयआर वापरत असाल तर बटण दाबले काय न दाबले काय, फरक जवळजवळ ऐकू येत नाही.

१२. आयआर लावूनही वरचा भाग खरखरीत वाटतो. दुसरा लोडर घ्यावा का?

नको. आधी अ‍ॅम्पचा गेन कमी करून पाहा, मग कोनच्या मध्यापासून दूर ठेवलेल्या माइकची आयआर लावा, आणि तरीही राहिले तर ८ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास हाय कट व ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास लो कट द्या. हे कट लोडरमध्ये असले तर सोय, नसले तर कोणताही इक्वलायझर तेच काम करतो.

१३. आयआर मोनो हवी की स्टिरिओ?

एका माइकची नोंद मोनोच असते आणि गिटारच्या एका ट्रॅकला मोनो लोडर पुरतो. दोन चॅनलची फाइल मोनो जागी लावल्यास काही लोडर फक्त डावी बाजू वाचतात आणि तसे सांगतही नाहीत. लोडरच्या आधी स्टिरिओ डिले किंवा कोरस असेल तर मात्र लोडर दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालवतो याची खात्री करा, अन्यथा सगळा पसारा मधोमध गोळा होईल.

१४. माझ्याकडे खरा ट्यूब अ‍ॅम्प आहे. त्याच्या स्पीकर आउटपुटमधून सिग्नल घेऊन लोडर लावता येईल का?

थेट कधीही नाही. स्पीकर आउटपुट ऑडिओ इंटरफेसला जोडल्यास इंटरफेस जळू शकतो, आणि स्पीकरचा भार नसताना ट्यूब अ‍ॅम्प चालवल्यास त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर खराब होऊ शकतो. मध्ये लोड बॉक्स (स्पीकरऐवजी भार पेलणारे उपकरण) हवाच, आणि तो अ‍ॅम्पच्या ओहमला व वॉटला जुळणारा हवा.

लोड बॉक्सचा प्रकारही आवाजात उतरतो. स्पीकरचा विरोध सर्व फ्रिक्वेन्सींना सारखा नसतो; रेझोनन्सपाशी, म्हणजे साधारण ७५ हर्ट्झजवळ, तो वाढतो आणि वरच्या टोकाकडेही वाढत जातो. ट्यूब पॉवर अ‍ॅम्प या चढउतारांना उत्तर देतो आणि खर्ज व वरचे सूर उठावदार करतो. रिअ‍ॅक्टिव्ह लोड बॉक्स हे वर्तन उभे करतो; साधा रेझिस्टिव्ह करत नाही, म्हणून त्यामागे लावलेली उत्तम आयआरही सपाट वाटू शकते. याचा दोष लोक लोडरला देतात. केवळ प्रीअ‍ॅम्पचा लाइन आउट वापरला तरी हीच कमतरता राहते. तेव्हा लोडरच्या आधी पॉवर अ‍ॅम्पचे सिम्युलेशन लावावे.

१५. कॅप्चर किंवा प्रोफाइल वापरतो. त्यावर आयआर लावायची का?

कॅप्चर (खऱ्या उपकरणाच्या आवाजाची मॉडेलच्या रूपातली नोंद) फक्त अ‍ॅम्पचे असेल तर लावायची, माइकपर्यंतच्या पूर्ण साखळीचे असेल तर नाही. वर्णनात लिहिलेले नसेल तर कॅब बंद करून ऐका: प्रश्न २ मध्ये सांगितलेला कर्कशपणा आला तर अ‍ॅम्पच तेवढा आहे. एकामागोमाग दोन कॅब लागल्यास आवाज डब्यातून आल्यासारखा, मध्यभाग फुगलेला आणि वरचा भाग गेलेला येतो. गिटारच्याच कॅबमधून आयआर ऐकवली तरी हेच घडते, म्हणून आयआरसाठी स्टुडिओ मॉनिटर, हेडफोन किंवा सपाट प्रतिसादाचा सक्रिय स्पीकर लागतो.

१६. आयआर स्थिर असते, मग खऱ्या स्पीकरचा दाब तिच्यात येतो का?

येत नाही. कन्व्होल्यूशन रेषीय आहे: हळू वाजवा की जोरात, वक्र तोच राहतो. खरा स्पीकर मोठ्या आवाजात थोडा दबतो आणि त्याचा कोन स्वतःचे डिस्टॉर्शन जोडतो. आयआर नोंदवण्यासाठी हल्ली बहुधा घातांकी स्वीप वापरतात. अँजेलो फरिना यांनी २००० साली मांडलेल्या या पद्धतीत डिस्टॉर्शनचे हार्मोनिक मूळ प्रतिसादापासून वेगळे काढून टाकता येतात, आणि आयआर शुद्ध रेषीय मिळते. हीच तिची ताकद आणि हीच तिची मर्यादा.

काही लोडर आणि उपकरणे स्पीकर ड्राइव्ह नावाने तो उणा भाग जोडू पाहतात. तो खरा वाटेल किंवा नाही, पण तो आयआरचा भाग नसतो. तो वेगळा परिणाम आहे आणि बंद करता यायला हवा. निवडीसाठी एक उपयोगी खूणही यातून मिळते: लोडरच्या जाहिरातीत ओव्हरसॅम्पलिंगचा (आत जास्त सॅम्पल रेटवर काम करण्याचा) गाजावाजा असेल आणि त्यात सॅच्युरेशनचा कोणताही भाग नसेल, तर त्या वैशिष्ट्याचा उपयोग नाही, कारण रेषीय क्रियेतून अ‍ॅलियासिंग (सॅम्पलिंगमुळे उमटणारे खोटे सूर) निर्माणच होत नाही.

१७. बास आणि अकूस्टिक गिटारसाठी हेच नियम लागू आहेत का?

बरेचसे, दोन अपवाद सोडून. बासची उघडी ई तार ४१.२ हर्ट्झवर वाजते आणि तिचे एक आवर्तन २४ मिलिसेकंदांचे असते. म्हणजे २१ मिलिसेकंदांत कापलेल्या आयआरमध्ये ते पूर्ण मावतही नाही. बाससाठी लांब आयआर पूर्ण वाचणारा लोडरच हवा. शिवाय बासमध्ये थेट सिग्नल आणि कॅब यांचे मिश्रण नेहमीचे आहे, तेव्हा प्रश्न ६ मधली ड्राय बंद ठेवण्याची अट येथे शिथिल होते. ड्राय वाट वेगळ्या ट्रॅकवर घेऊन तिची वेळ प्रश्न १० मधल्या रीतीने जुळवावी.

अकूस्टिकच्या आयआरमध्ये कॅब नसतोच. पिएझो पिकअपच्या कोरड्या आवाजाला माइकसमोरच्या लाकडी पेटीसारखे करणे हे तिचे काम असते. ती एका विशिष्ट गिटार-पिकअप जोडीवर बेतलेली असल्याने दुसऱ्या वाद्यावर बेढब लागू शकते. पूर्ण शंभर टक्के न लावता अर्ध्याच्या आसपास मिसळून पाहावी, आणि म्हणून येथे मिक्सचा नियंत्रक असलेला लोडर अधिक सोयीचा ठरतो.

१८. जुना प्रोजेक्ट उघडला आणि गिटारचा आवाज पार बदललेला निघाला. आयआर गेली कुठे?

लोडरने फाइलचा फक्त पत्ता लक्षात ठेवला होता आणि दरम्यान फोल्डरचे नाव बदलले, ड्राइव्ह बदलला किंवा प्रोजेक्ट दुसऱ्या संगणकावर गेला. काही लोडर अशा वेळी इशारा देतात. काही गुपचूप रिकामे उघडतात आणि कर्कश आवाज ऐकू येतो. सर्वांत वाईट म्हणजे काही जण फोल्डरमधली पहिली फाइल लावून मोकळे होतात. खरेदीपूर्वी हे तपासायला दोन मिनिटे लागतात: एक आयआर लावून प्रोजेक्ट जतन करा, डीएडब्ल्यू बंद करा, फाइलचे नाव बदला आणि पुन्हा उघडा.

लोडर आयआर प्रोजेक्टमध्येच साठवत असेल तर प्रश्न मिटला. साठवत नसेल, तर सर्व आयआर एका कायमच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि वापरलेल्या फाइलींची प्रत प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये घाला. फाइलचे नाव ट्रॅकच्या नोंदीत लिहून ठेवा, आणि काम संपल्यावर कॅबसहित एक रेंडर व कॅबशिवाय एक रेंडर काढून ठेवा. सहकाऱ्याकडे प्रोजेक्ट पाठवताना विकतच्या आयआर फाइली सोबत द्याव्यात की नाही, हे मात्र परवान्यावर अवलंबून आहे. त्या आयआरने केलेले रेकॉर्डिंग विकायला निर्माते साधारणतः मुभा देतात, पण मूळ फाइली वाटायला नाही. अशा वेळी कॅबसहित रेंडर पाठवणे सर्वांत सुरक्षित.